गणपूर्तीअभावी तहकूब

रत्नागिरी, वैशाख वद्य पंचमी

रा. रा. आत्मारामपंत यांस महिपत शिरधनकर याचा नमस्कार. वयाने मी थोर, तेव्हा आशीर्वाद लिहिणार होतो. पण आपण प्राध्यापक, मी कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस, आणि त्यातून आपण माझ्या पत्नीचे वडील बंधू. सगळे जमेस धरता नमस्कारच शुद्ध ठरतो. आपली सर्दी हटली असेलच. गिरगावातल्या हवेला कोंदटपणा फार, असे मी पूर्वीही कळवले होते. आमच्याकडे सर्व क्षेम आहे; केळशीस मातोश्रींचे वर्तमान आपणांस असेलच. आपली भगिनी दमयंती आंबे पाठवते आहे. आढी मी स्वतः लावली आहे, तरी देठ खाली करून ठेवू नयेत.

आता हकीकत. माझी पुतणी विमला एम. ए. चा प्रबंध लिहिते आहे, हे आपण जाणताच. तिला नेमून दिलेले मार्गदर्शक (लोक 'गाइड' म्हणतात, मी म्हणत नाही) रजा घेऊन विलायतेस गेले. दुसरा मार्गदर्शक विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने नेमायचा. मंडळाची सभा भरली, पण पुरेसे सभासद नव्हते म्हणून तहकूब. पुन्हा भरली, पुन्हा तहकूब. या सत्रात नेमणूक न झाल्यास विमलेचे नाव पटावरून जाणार, आणि उन्हातान्हात घरोघर फिरून तिने जमवलेले सगळे काम तिच्या पेटीत राहणार. पोरगी सकाळी कागद काढते, संध्याकाळी बांधून ठेवते, मध्ये लिहीत मात्र नाही. 'चुकतंय की बरोबर आहे, हे सांगणारं कुणी नसलं की हात चालत नाही, काका,' एवढेच एकदा म्हणाली.

मी सगळी विद्या एकट्याने मिळवली. यत्ता चौथीनंतर मास्तर पाहिला नाही. इंग्रजी कोशावरून शिकलो, कायदा पक्षकारांच्या चुकांवरून. तेव्हा मार्गदर्शकावाचून अडते हे मला प्रथम पटेना. पण पोरीचा चेहरा पाहवेना म्हणून विद्यापीठाचे मंडळ भरेपर्यंत इथेच एक साहाय्यक मंडळ स्थापावे असे ठरवले. अध्यक्ष मी. सभासद तिघे: धोंडूअण्णा वैद्य, मुलींच्या शाळेच्या गंगुबाई मास्तरीण, आणि मिरकरवाड्याचा केरू तांडेल (याचे दोघे भाऊ मुंबईस गोदीत आहेत, आणि प्रबंध मुंबईस गेलेल्या पुरुषांच्या मागे राहिलेल्या घरांविषयी आहे). घटना मी लिहिली. 'कोरम' हा परका शब्द घटनेत नको म्हणून मी स्वतः 'गणपूर्ती' हा शब्द पाडला, आणि चौघांपैकी एक जरी नसला तरी सभा होणार नाही, असे कलम घातले. विद्यापीठापेक्षा आपण कडक असावे, हा हेतू. सूचनापत्रात लिहिले: 'गणपूर्तीसाठी सर्वांनी अवश्य यावे.'

केरू आला तो नारळ, जास्वंदीची परडी आणि झांजा घेतलेले दोन शेजारी घेऊन.

'ओ महिपतराव, भादवा लांब हाय नि मूर्ती कसली बसवताव?'

मी व्युत्पत्ती सांगितली. गण म्हणजे समुदाय, तो पुरा भरणे ती गणपूर्ती. केरूने मान डोलावली. 'हां, म्हणजे नमनातला गण! मग त्याच्यामागनं गवळण लागते. ती कोण, वैद्यबुवा?' धोंडूअण्णा रागावले (त्यांच्या मिशा आहेत). त्यांची समजूत काढण्यात वेळ गेला. मग आणलेला नारळ परत न्यावयाचा नसतो म्हणून तो फोडला. नंतर समान मते पडल्यास अध्यक्षाने दुसरे मत द्यावे की नाही यावर चर्चा झाली. ती मीच उपस्थित केली होती आणि फार मुद्देसूद झाली, असे माझे मत आहे. विमला कोपऱ्यात प्रकरण मांडीवर घेऊन बसली होती. तिचे प्रकरण 'इतर विषयां'त होते, म्हणजे शेवटी. ते येईतो गंगुबाईंच्या शाळेची वेळ झाली आणि त्या उठल्या. कलमाप्रमाणे गण मोडला. मला सभा तहकूब करावी लागली.

'छान झालं,' विमला म्हणाली. 'आता मला दोन मंडळं झाली. दोन्हीकडं तहकूब.'

हसून म्हणाली, पण आत्मारामपंत, मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले, अर्जदार केव्हा हसतो ते मला कळते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आपल्या भगिनी बाहेर आल्या. 'संपली ना तुमची सभा? मग वाच गो आता. इंग्रजीत लिहिलेलं मराठीत सांग. केरूभाऊ, बसा.' केरू बसला, झांजावालेही बसले. तहकूब सभेच्या अध्यक्षास तेथे बसता येईना. मी पडवीत जाऊन दाराशी उभा राहिलो. मुंबईच्या माणसाची संमती येईपर्यंत मागे बायका कशी कामे खोळंबवून ठेवतात, वासरू विकायचे, पोरीचे ठरवायचे, आणि पत्र न आले तर 'विसरला' न म्हणता 'कामात असेल' म्हणतात, हे विमलेने सांगितले. मध्येच केरू म्हणाला, 'हे खोटं हाय. आमच्यात बायका इचारीत नाय, करून मोकळ्या होतात.' विमला उजळली. 'कोणकोण? नावं सांगा!' आणि कितीतरी दिवसांनी तिने टाक उचलला. केरूचे म्हणणे तपासून पाहायला हवे, (तो फुशारकी मारतो,) पण तो मुद्दा नव्हे.

असो. आंब्यांची पोच द्यावी. लहानांस आशीर्वाद.

आपला,
महिपत

ता. क. — दमयंती पाठीशी उभी राहून विचारते, 'दादा त्याच अभ्यासमंडळावर आहे ना? मग दोन्ही वेळा तो कुठे होता, ते लिहिलंत का?' लिहीत नव्हतो, आता लिहिले. पुढची सभा ज्येष्ठाच्या आरंभी आहे. यावे, ही विनंती.

ता. क. दुसरा — प्रकरण सोबत आहे. विमला बजावते की काकांच्या नात्याने हात वर करू नये; वाचून यावे आणि टाकाऊ असेल तर सभेत तसे म्हणावे. त्यात केळशीचे एक घर आहे. म्हातारी एकटी आहे, मुलगा मुंबईत मोठा विद्वान, आणि घर शाकारायला त्याचा होकार यावा म्हणून ती गेल्या पावसाळ्यात घरभर भांडी मांडून बसली. नावे बदललेली आहेत. नेमणूक होईपर्यंत ते पान काढून ठेव, असे मी सुचवले. विमला म्हणाली, 'मंडळाला भिऊन पान काढायचं असेल, तर मार्गदर्शक हवा कशाला?' ते घर कोणाचे, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दमयंती मात्र ते ऐकून आत गेली.

ता. क. तिसरा — एका अर्जात दोन मागण्या घालू नयेत, एक मंजूर करून दुसरी बुडवतात, हा माझा नियम. म्हणून विमलेलाच विचारले, कोणती ठेवू? ती म्हणाली, सभा राहिली तरी चालेल. केळशीला आधी पत्र टाका, म्हणावं.