डाव्या गालाबद्दल

मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा वनस्पतींचे अर्क काढून उन्हापासून कातडी जपणारे मलम करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे.

१. राहते घर आणि त्यामागची अर्काची खोली माझ्या भाचीला द्यावी. अकरा वर्षे ती दर आठवड्याला आईच्या नकळत मला भेटायला आली. बँकेतली ठेवही तिचीच.

२. कपाटातल्या सत्तावीस डब्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला द्याव्यात. माझे मलम म्हणजे नुसता पाला, असे तो गिऱ्हाइकांना सांगे, आणि दर उन्हाळ्यात बायकोला पाठवून दोन डब्या नेई.

३. भाचीने मलम चालू ठेवल्यास झाकणावर छापावे, की हे ऊन थोडेच अडवते, टोपी आणि लांब बाह्या सोडू नयेत. लिंबाच्या सालीचे तेल कधीही घालू नये.

४. अर्काची भांडी, गाळण्या, तराजू आणि कृतींची वही माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, द्यावी. याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

धाकटी रोपवाटिका चालवते. कोरफड, ज्येष्ठमध, हिरव्या चहाची पाने तिच्याकडूनच यायची. दिवसभर उन्हात तीच उभी, म्हणून नव्या घाण्यातले पहिले मलम तिच्या डाव्या गालाला लावायचे आणि उजवा कोरा ठेवायचा, अशी आमची रीत. आठवड्याने दोन्ही गाल खिडकीपाशी ताडून बघायचो. "आमच्या ह्यांनी माझ्या कुठल्या बाजूला बसायचं ते तूच ठरव, ताई," असे म्हणून ती हसायची.

मलमाला पाल्याचा वास येतो, अशी गिऱ्हाइकांची कुरकुर होती. म्हणून मी लिंबाच्या सालीचे तेल घातले. असे तेल लावून उन्हात गेले तर कातडी भाजते, हे माझ्या पुस्तकात होते. त्या ओळीला मी पेन्सिलीने खूणही केली होती. एवढ्याशा थेंबांनी काय होतेय, असे मनाशी म्हणून मी डबी तिच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी तिचा गाल फोडांनी भरला. मागे राहिलेला काळा डाग अजून गेलेला नाही.

त्याच संध्याकाळी मी अख्खा घाणा फेकून दिला. म्हणजे मला कळले होते. तरी दुसऱ्या दिवशी भरल्या दुकानात तिला म्हणाले, "तुझीच कातडी नाजूक. आणखी काहीतरी फासलं असशील." ती निघून गेली, त्याला अकरा वर्षे झाली; पुन्हा माझ्याकडे आली नाही. धंद्याच्या नावासाठी मी सख्ख्या बहिणीला खोटे पाडले. याची मला लाज वाटते, आणि तिच्या घरापर्यंत जाऊन हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

५. पुरवणी. वरील मजकूर गेल्या महिन्यातला. मी काहीतरी लिहून ठेवले आहे, हे भाचीने आईच्या कानावर घातले. काल धाकटी आली. बस म्हटले तरी बसली नाही.

"मला भांडी नकोत," ती म्हणाली. "तू गेल्यावर कागद वाचून मी काय करू? साक्षीदार लागतो ना? मी सही करते. पण त्यात काय आहे ते कळल्याशिवाय नाही."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी तिला दोनदा समजावले. ती हो म्हणाली. सबब कलम चारमधील वस्तू आता भाचीला द्याव्यात. त्या कलमातील बाकी मजकूर कायम ठेवावा, त्यातला एक शब्दही गाळू नये.

ठिकाण: राहते घर, अर्काची खोली
दिनांक: १४ मे २०२३
लिहून ठेवणार: सही

साक्षीदार पहिला, समोरचा शिंपी: माझ्यादेखत सही झाली.

साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण: कलम चार ताईकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग सही केली.