गुडघे जवळ ठेवून

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

१. महिनाभर माझा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखत होता.
२. तलावावरच्या प्रशिक्षक बाईंनी माझं बेडकासारखं पोहणं पाहिलं आणि विचारलं, "पाय इतके फाकवून मारायला कोणी शिकवलं गं तुला?"
३. मी तुमचं नाव सांगितलं नाही.

आता गुडघे जवळ ठेवते, टाचा मागे ओढते आणि मगच पाय मारते. दुखणं थांबलंय. आईला यातलं काही सांगू नका.

गुडघा दुखायला लागल्यावर तुम्ही 'वय झालं' म्हणून पोहणं सोडलंत. तुमचाही गुडघा आतल्या बाजूनेच दुखतो का? तसं असेल तर दोष बहुधा वयाचा नाही. डॉक्टरांना दाखवा. पोहायची चड्डी इतक्यात कुणाला देऊन टाकू नका.

नेमकं कुठे दुखतं, ते रविवारपर्यंत कळवा.

तुमची,
धाकटी