दोन दारांचं घर

प्रिय छोट्या,

तुझी भिंत छान झाली आहे. पलीकडच्या काठावरची बाजारपेठ या पुरात कोरडीठाक राहिली, पेपरात तुझा फोटो आला, आणि अप्पांनी तो कापून कपाटावर चिकटवला. आमच्या काठाचं कुणी विचारलं नाही. भिंतीला धडकलेलं पाणी जाणार कुठे? इकडेच आलं.

अप्पांची पद्धत तुला आठवते ना? सुतार माणूस, पण नदीशी कधी भांडले नाहीत. पूर चढू लागला की पुढची-मागची दोन्ही दारं बिजागऱ्यांवरून उतरवून माळ्यावर टाकायची, माझं शिलाई मशीन कप्पीने आढ्याला टांगायचं आणि पाण्याला घरातून वाट करून द्यायची. येऊ दे, पण मुक्काम नको. चिखल उपसला की संसार पुन्हा सुरू. हे बघत तू लहानाचा मोठा झालास, शिकून इंजिनिअर झालास, म्हणून तर तुझा जास्त राग येतो.

या वेळीही त्यांनी दारं काढली. पाणी आत आलं, पण बाहेर जाईचना. मशीन टांगल्या जागी बुडालं, मागची भिंत बसली. आम्ही शाळेच्या एका वर्गात राहतोय आणि अप्पा रोज घरी जाऊन मागचा उंबरा तासत बसतात. त्यांना वाटतं, आपण तो उंच ठेवला म्हणून पाणी तुंबलं, सगळ्या गल्लीचं नुकसान झालं. शेजाऱ्यांची माफी मागत फिरतात रे. मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही, कारण सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल.

भिंत आणखी लांबवण्याची सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. पलीकडचं रिकामं मैदान पुराला मोकळं सोडा, भिंत त्याच्या मागे घ्या, एवढंच आमचं म्हणणं. वरून दबाव आहे, असं तू फोनवर म्हणालास. मैदानावर दुकानं व्हायची आहेत, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. गल्लीतर्फे मीच बोलणार आहे. तिथे तुला साहेब म्हणेन आणि काहीही झाकून ठेवणार नाही.

अप्पाही येणार आहेत. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय त्यांनी. पहिल्या रांगेत बसून तुझ्यासाठी टाळ्या वाजवायच्या आहेत त्यांना. म्हणून हे पत्र. त्याआधी घरी ये, त्यांच्या हातातला रंधा बाजूला ठेव आणि चूक कुणाची ते तूच सांग. नाहीतर भर सभेत त्यांना ते माझ्या तोंडून ऐकावं लागेल.

अजून तरी तुझीच,
ताई