सहाशे बारा कॅसेटी

३ जून, सकाळी ७.१०
संकल्प. तीस तारखेच्या आत आतली खोली रिकामी करणार. हिला तिथे शिलाई मशीन मांडायचं आहे. अकरा वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडदे शिवते. पडद्यांना कांद्याचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात. मागणी रास्त आहे, लगेच हो म्हटलं. खोलीत माझ्या सहाशे बारा कॅसेटी. सगळ्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि विकायच्या. दिवसाला बावीस. सोपं आहे.

४ जून
कॅसेट एक तासाची असते. बावीस कॅसेटी म्हणजे बावीस तास. झोपेला दोन उरतात. वेळापत्रकात किरकोळ बदल लागेल.

मुलाचा फोन. म्हणाला, बाबा, ही सगळी गाणी एका दुपारीत डाउनलोड होतील. त्याला समजावलं की डाउनलोड केलेलं गाणं आपलं नसतं. कॅसेटच्या कव्हरवर व्हायोलिन कोणी वाजवलं तेसुद्धा छापलेलं असतं. कोणी वाजवलं, असं त्याने विचारलं. अक्षर फार बारीक आहे.

७ जून
झाल्या: दोन. टेपला कॉम्प्युटरची वायर लागत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, हे मॉडेल त्याच्या वडिलांना जमलं असतं, ते आता नाहीत. अडला हरी. मोबाइल स्पीकरसमोर ठेवून रेकॉर्ड करतो आहे. अट एकच, घरात आवाज नको. हिला मशीन बंद ठेवायला सांगितलं. ठेवलं. समजूतदार आहे.

१२ जून
कॅसेटी विकायची चौकशी करायला जुन्या दुकानात गेलो. दुकानदार दुकानच बंद करतो आहे. अडतीस घेऊन आलो. या मूळ सहाशे बारांत धरायच्या नाहीत.

हिने पिशवी पाहिली. टेबलावरचे पडदे घडी करायला लागली. मी भांडणाच्या तयारीत होतो, बरं झालं.

१९ जून
ही आता दिवसभर थोरल्या मेहुणीच्या दुकानात शिवते. तिथे मागे मोकळी खोली आहे. संध्याकाळी घरी येते. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने उत्तम. झाल्या: नऊ. सरासरी सुधारायला वाव आहे.

२४ जून, दुपारी ३
दहावी लावली. लग्नानंतर घेतलेली पहिली कॅसेट, निवड हिची होती. डोळे मिटून ऐकत होतो. मध्येच ही दारात येऊन काहीतरी बोलली. संपल्यावर पाहिलं तर घरात नव्हती. दुकानात गेली असणार.

२५ जून
काल आली नाही. टेबलावर मशीनही नाही. दुरुस्तीला दिलं असेल. ब्रेड खाल्ला. काही वाटलं नाही.

२७ जून
मेहुणीचा फोन. विचारत होती, तुम्हाला खरंच काही म्हणायचं नाही का. म्हटलं, कशाबद्दल. ती म्हणाली, तिने तुम्हाला सगळं सांगितलं, आणि तुम्ही उत्तरही दिलंत. मी कसलंही उत्तर दिलेलं नाही. या बहिणी राईचा पर्वत करतात.

अकरावी लावली नाही. कंटाळा आला होता. नुसता बसलो.

३० जून, संध्याकाळी ५
मुदत संपली. निदान झालेल्या दहा तपासून ठेवू म्हटलं. दहाव्या फाइलमध्ये तिसऱ्या गाण्यावर हिचा आवाज. अहो, मी ताईकडे राहायला जातेय. खोली नको आता मला. थांब म्हणालात तर थांबते. मग बराच वेळ नुसतं गाणं. मग माझा आवाज, अगदी स्वच्छ: श्श्.

तीनदा ऐकलं. डोळे कोरडेच.

५.४०
फोन केला. तिने उचलला. मागे मशीन चालू होतं, ते तिने बंद केलं नाही. परत ये, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं की तुझ्या आवडीच्या कॅसेटची फाइल तयार आहे, पाठवू का.

म्हणाली, नको. ती गाणी तिने केव्हाच डाउनलोड केली आहेत. शिवताना रोज ऐकते.