कोपरा फाटलेलं पाकीट

सोहार,
२० नोव्हेंबर २००३

प्रिय धनंजय,

नमस्कार. मी इथे ठीक आहे आणि तूही तिकडे मस्कतजवळ सीबला ठीक असशील, असं धरून चालतो. सध्या रोजे चालू आहेत, त्यामुळे ऑफिसं लवकर बंद होतात आणि आम्हा कुरिअरवाल्यांची दुपारी नुसती धावपळ. गुडघा कुरकुरतो, साखर थोडी वाढली आहे. गावाहून आमची ही, श्यामला, फोनवर भात खाऊ नको म्हणते. दहा वर्षं मी इथे भातावरच काढली, हे तिला कोण सांगणार!

परवा एक पार्सल घेऊन डोंगराकडे गेलो होतो. आपल्या खाणीचा कॅम्प बंद पडून ओस पडलाय. फाटकाला साखळी, आत बकऱ्या. ‘ओमानात सोनं निघालंय’ ऐकून अर्धी वाडी पासपोर्ट काढायला धावली होती, आठवतं? त्यात आपण दोघे पुढे. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ते आपण खरोखर करून दाखवलं. मला तर उंदीरही मिळाला नाही, धुळीने छाती भरली आणि मालकाने, आपल्या अर्बाबने, खाणीतून काढून टपालाच्या गाडीवर बसवलं. तेव्हापासून निरोप्या झालो तो आजतागायत.

तू म्हणशील, सात वर्षांत धड दोन फोन केले नाहीत, आणि आज एवढं लांबण का लावतोय? लावतोय खरा.

तुझ्या प्रेमाताईचा फोन आला होता. तिच्या अश्लेषाचं लग्न ठरलं, १४ डिसेंबरला. तुला पत्रिका पाठवली, तू ती न उघडता परत केलीस म्हणे. ताई रडत होती. म्हणाली, “तेका सांग दयानंदा, माझ्याशी बोला नको, पण पोरीच्या पाठीमागे मामा उभो रवाक होयो.” मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

धनू, ताईने आईच्या आजाराचं पत्र उशिरा धाडलं, असं तू सात वर्षं धरून बसला आहेस. घाईत तिने तारीख घातली नव्हती. ती शपथेवर सांगत होती, की गाववाला सुट्टी संपवून निघाला त्याच दिवशी त्याच्या हाती दिलं, आणि तू तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालास.

ती खोटारडी नाही.

ते पत्र गाववाल्याने मला सोहारच्या ऑफिसात रविवारीच आणून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. तू ओढ्यातली माती आणून केलेली मूर्ती सुकत ठेवली होतीस, कॅम्पातले वीसजण तुझ्या भोवती. आणि माझ्या हातातल्या पाकिटाचा कोपरा फाटलेला. आपल्याकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. आई आजारी होतीच. मला वाटलं, गेली. आता पत्र दिलं तर याला सुतक लागेल, स्वतः केलेल्या गणपतीला हात लावता येणार नाही. गेलेलं माणूस दीड दिवसाने जास्त जाणार आहे का? म्हणून ते गाडीत सीटखाली ठेवलं. तुझ्यावर उपकार करतोय असंच मला वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीत विसर्जन झालं, तू प्रसाद वाटलास, आणि मग मी पाकीट पुढे केलं. तू विचारलंस, “कधी इलां रे ह्या?” मी म्हटलं, “आत्ताच. आजच्या गाडयेन.”

तू मोठ्याने वाचलंस. आई अत्यवस्थ आहे, सारखं तुझंच नाव घेते, मिळेल त्या विमानाने ये. कोपरा कोणी फाडला नव्हता रे. गाववाल्याच्या बॅगेत सुकटाच्या डब्याखाली चेपून तो फाटला होता.

अर्बाबकडून पासपोर्ट मिळवून तू शुक्रवारी घरी पोचलास. आई गुरुवारी पहाटे गेली. रविवारी पत्र दिलं असतं, तर तू बुधवारी तिच्या उशाशी असतास. हा हिशेब मी इतक्या वेळा केलाय, की आता बोटंही मोजावी लागत नाहीत.

मी तेव्हाच का बोललो नाही? भ्यालो. तू परत आलास तो ताईवर चिडूनच, आणि तुझा राग तिच्याकडे गेला म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. तिची भाऊबीज माझ्यामुळे सात वर्षं कोरडी गेली. तिलाही अजून काही ठाऊक नाही. तिला तूच सांग, माझं नाव घेऊन.

फोनवर सांगायला जीभ रेटेना. आमच्या ऑफिसातला तय्यब उद्या मस्कतच्या फेरीवर आहे, त्याच्याकडे हे देतोय. हातात दिल्याशिवाय परत येऊ नको, असं बजावलंय.

मला माफ कर असं लिहिणार नाही, ते मागायचं तोंड नाही. पण एक गोष्ट तुझ्यापासून यापुढे लपवू शकत नाही. मंगळवारी तू डोळे मिटून आरती म्हणत होतास तेव्हा आई जिवंत होती, दाराकडे बघत होती. तिला तू भेटू शकला नाहीस तो माझ्यामुळे. ताई अजून दाराकडे बघते आहे. तिच्याकडे जा.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क घालवून बसलेला,
दयानंद