आई ताट का वाढते

प्रिय चंद्राताई,

लाहूभाऊ संध्याकाळी रिक्षा घेऊन घोलवडला येतो, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. तू म्हणशील, फोन असताना ही कल्पी पत्रं कसली लिहायला लागली? बारावीचा मराठीचा पेपर देऊन डोकं फिरलं का हिचं? तसंच समज. दुपारी मी तुला फोन केला तो काही पेपरचं सांगायला नव्हता. तू विचारलंस पेपर कसा गेला, मी म्हटलं सोपा, मग तू चिकूच्या खोक्यांचं काहीतरी सांगत राहिलीस आणि मी फोन ठेवून दिला. सांगायचं होतं ते तोंडातून निघेना. हातातून निघतं का बघते. हे पत्र उभ्याने वाचू नकोस. कुठेतरी बस आणि सगळं क्रमाने वाच. शेवटचं आधी वाचायची तुझी खोड आहे, आजच्या दिवस ती बाजूला ठेव.

आई खुशीत आहे. शिमग्याला मितेशदादा वेरावळच्या बोटीवरून घरी येणार म्हणून तिने कोलंबीचे सोडे सुकवायला घेतलेत. त्यातले मोठे मोठे निवडून त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात भरते. मी एक उचलला तर हातावर चापट मारली. आज सकाळी मी पेपरला निघाले तेव्हाही ती उन्हात सोडेच उलटत बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. मी अंगणात जाऊन घेतला. आत आले तर आईने विचारलं, कोण गं? मी म्हटलं किंजल, जास्तीचं पेन आण म्हणते. इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. आईने दादाचं जुनं पेन शोधून माझ्या कंपासात टाकलं. मी संपूर्ण पेपर त्याच पेनाने लिहिला.

पेपर सुटल्यावर डहाणूच्या केंद्राबाहेर नेहमीचा बाजार भरला. गोळेवाल्याच्या गाडीशी सगळे जमलेले, हातात उघड्या प्रश्नपत्रिका, आणि जो तो आपलंच कसं बरोबर ते ओरडून सांगतोय. सगळ्यात मोठा आवाज जिग्नेशचा, अर्थात. त्याने गाईड पाठ केलंय, त्यामुळे त्याची उत्तरं बरोबरच असतात, त्याला ती कळोत न कळोत. भांडण लागलं ते पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यावरून. एक म्हातारी, तिचा मुलगा परगावी गेलेला, आणि ती रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढून ठेवते. प्रश्न होता, आई ताट का वाढते ते तुमच्या शब्दांत लिहा. जिग्नेशने लिहिलं, आशा. किंजलने मातृप्रेम लिहून खाली दोन रेघा ओढल्या. तलासरीहून येऊन इथल्या वसतिगृहात राहणारी शितल म्हणाली, मी तर लिवलं, त्यांच्याकडे जास्तीचा भात व्हता म्हणून. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, ताई. आजच्या दिवशी मी हसले.

मग किंजलने मला विचारलं. मी म्हटलं, तिला अजून कोणी सांगितलेलं नाही म्हणून ती ताट वाढते. घरातल्या कोणाला तरी माहीत आहे की तो आता येणार नाही, पण ते माणूस गप्प बसलंय. जिग्नेश अंगावरच आला. मुलगा मेलाय असं कुठे लिहिलंय, दाखव ना! मी उतारा पुन्हा वाचला, गोळ्याचं पाणी कागदावर सांडत होतं तरी वाचला. खरंच कुठे नव्हतं. मुलगा नोकरीला गेला होता आणि त्याचा निरोप आला नव्हता, एवढंच. उत्तराच्या पानभर मी माझ्या मनानेच त्याला मारून टाकलं होतं. गेले तुझे मार्क, किंजल म्हणाली.

आणि मला आनंद झाला. वेडी म्हण मला, पण झाला. वाटलं, इथे चुकले तशी सकाळीही चुकले असेन. फोनवरचा तो माणूस गुजरातीत भरभर बोलत होता, मी घाबरलेली, काहीतरी भलतंच समजून बसले असेन. मी स्टेशनच्या बाजूला एकटीच गेले आणि सकाळच्या नंबरवर फोन लावला. तो आता हळू बोलला. बेन, बेन म्हणत, मला कळेल अशा हिंदीत, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग रडायला लागला. मी काहीच चुकीचं समजले नव्हते.

ताई, तो दादाची बोट चालवणारा तांडेल होता. जाळं ओढताना दोरीत पाय अडकून दादा पाण्यात गेला. त्यांनी त्याला वर काढलं, पण उशीर झाला होता. आपला मितेशदादा गेला. त्याला घेऊन गाडी दुपारी वेरावळहून निघाली आहे, उद्या सकाळी हायवे सोडून चारोटीवरून आत वळेल. बाबा दर्यावर आहेत, त्यांचा फोन लागत नाही. वाडीत कोणाला सांगितलं तर ते माझ्याआधी आईपर्यंत पोचेल, आणि गाडी दारात उभी राहीपर्यंत तिला कळलं नाही तर मी काय करू? दुपारपासून कितीदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती विचारते, पेपरात काय काय आलं होतं? मी सगळे प्रश्न सांगितले, तो एक सोडून. माझ्याने नाही होत गं. तुलाही हे असं कागदावर कळतंय, मला माफ कर. लाहूभाऊला काही माहीत नाही, पण त्याला थांबायला सांगितलंय, त्याच रिक्षात बसून ये. तू सांग, मी तिला धरते. आत्ता ती डबा बंद करून माझ्या शेजारी येऊन बसली आहे, मी अभ्यास करतेय असं तिला वाटतंय. म्हणते, दादाला रेंज मिळाली की फोन येईल, मी झोपले असले तर तूच सांग त्याला, सोडे तयार आहेत. मी हो म्हटलंय.

तुझीच,
कल्पी