मिटल्या डोळ्यांची प्रार्थना

विनिपेग, ४ नोव्हेंबर १९५७
पेटी, भाजक्या पावांची पिशवी आणि आलूबुखारच्या मुरंब्याच्या दोन बरण्या सुखरूप पोहोचल्या. बसभाडं सव्वादोन डॉलर; हमाल केला नाही. सारा डिकबाईंचं घर आपल्याच चर्चच्या मंडळीतलं, लखलखीत. त्यांची चार वर्षांची नात ॲनी दारातच विचारते, मुरंबा कोणासाठी? जेवणाआधी डोळे मिटून मुकी प्रार्थना आपल्या गावासारखीच, फक्त लांब. साराबाई हसून म्हणाल्या, "आमच्याकडे सूप उकळतंच वाढायचं. आमेनपर्यंत बरोब्बर निवतं."

उद्या उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवरची वाईट गाठ काढणार. मग वरच्या पापणीची आतली बाजू खाली ओढून तिथे शिवायची. सहा आठवडे डोळा बंद. नवी पापणी रुजली की कापून उघडायचा. तोवर प्रभूने दिलेला दुसरा आहेच.

१० नोव्हेंबर
दुखत नाही. डॉक्टरांचा टाका माझ्यापेक्षा बारीक. ॲनी सगळ्यांना सांगते, ग्रेटामावशीला रफू केलं.

१८ नोव्हेंबर
आज प्रार्थनेला डावा डोळा मिटला आणि शिवलेल्या डोळ्याला टेबल स्वच्छ दिसलं. साराबाई, ॲनी, वाकलेल्या माना. चुलीपाशी एक बाई उभी होती. डोळ्यांच्या जागी नुसती सपाट कातडी. आमेन म्हणून डोळा उघडला तर कोणी नाही.

डॉक्टर म्हणाले, झाकलेला डोळा आपणच चित्रं रंगवतो. मनावर घेऊ नका.

२५ नोव्हेंबर
घरात सगळ्यांचे डोळे मिटले की ती चालते. काल ॲनीच्या खुर्चीमागे होती. आज मी डावा डोळा उघडाच ठेवला. कोणी आलं नाही. पण आमेनला साराबाईंनी पकडलं. "देवापुढे एक डोळा उघडा ठेवून कसला हिशोब करतेस गं?" लाजले. उद्यापासून मिटेन.

१ डिसेंबर
तिने ॲनीच्या डाव्या पापणीवरून अंगठा फिरवला. सारण भरून पिठाची कड दाबावी तसा, हळूच. जेवण होईतो पापणी चिकटली. साराबाई कोमट पाण्याने पुसताहेत. म्हणतात, सर्दी.

३ डिसेंबर
ॲनीच्या पापणीला फट उरली नाही. जन्मापासून तशीच असावी असं कातडं.
माझ्या मिटलेल्या डोळ्यावाटेच ती आत आली. डॉक्टरांच्या पाया पडले, माझा डोळा आजच कापून उघडा. म्हणाले, आता कापलं तर नव्या पापणीचं रक्त तुटेल, पापणीच मरेल. थांबायलाच हवं.

५ डिसेंबर
साराबाईंनी ॲनीसाठी प्रार्थनेला मंडळीतले सगळे बोलावले. घर भरलं. सगळे डोळे मिटून— मी ओरडले, मिटू नका, बघत राहा! कोणी म्हणालं, बिचारीच्या डोक्यात गेलं. हाताला धरून वरच्या खोलीत बसवलं. बाहेरून कडी.
खाली केवढी शांतता—
ॲनी विचारते आहे, आजी, दिवा का मालवला?
भर दुपार आहे.

६ डिसेंबर
साराबाई दाराबाहेरून रडत सांगून गेल्या. ॲनीसाठी सगळ्या गावांच्या मंडळ्यांना तारा केल्या. रविवारी सगळीकडे एकाच वेळी प्रार्थना. आपल्याही गावात.

जेकब, हे पान फाडून खिडकीतून पोस्टमनकडे टाकते आहे. रविवारी डोळे मिटू नकोस. लोक हसले तर हसोत. आपल्या लेकीला, ट्रूडीला मांडीवर घे, तिच्याकडे बघत राहा, आमेन होईतो नजर काढू नकोस. पान उशिरा मिळालं तर— उलट टपाली एवढंच कळव, ट्रूडीचे दोन्ही डोळे